रडारवरचं लिंबू

नांदेडहून लातूरला कसं जायचं, हे सांगायला कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. एसटी स्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी कंडक्टर हाताला धरून बसवतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, मग लातूर. रस्ता आता चौपदरी झालाय. मध्ये डोळा लागला तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही. तरी मी लिहायला बसले, कारण या वेळी हा रस्ता मी स्टिअरिंगमागून पाहिला. वय एकोणसत्तर, गाडी कोरी करकरीत, आणि शेजारच्या सीटवर परीक्षक.

परीक्षक म्हणजे माझी नात, ऋचा. लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळं परीक्षा घ्यायची सवय मला आहे. द्यायची राहिली नव्हती.

परीक्षा लावली होती माझ्या मुलानं, मिलिंदनं. ऋचाचा बाप. तो पुण्यात राहतो आणि फोनवरून आमचं नांदेडचं घर चालवतो. या दिवाळीला त्यानं माझी जुनी गाडी परस्पर विकली आणि ही नवी पांढरी गाडी आणून दारात उभी केली. म्हणाला, "आई, ही समोरचं स्वतः बघते. धडकायला आली तर स्वतः ब्रेक मारते. रेघ सोडली तर स्टिअरिंग ओढून जागेवर आणते."

"मग माझं काय काम राहिलं?"

तो जरा घुटमळला. "तेच बोलायचं होतं, आई."

बोलणं असं, की मी आता गाडी चालवावी की नाही, याचा फैसला व्हायला पाहिजे. ऋचाला सुट्टी संपवून लातूरला परत जायचंच होतं. मी तिला सोडायला जायचं. ती शेजारी बसून बघणार. ती म्हणाली जमतंय, तर चावी माझ्याकडं. नाही म्हणाली, तर गाडीला ड्रायव्हर, आणि मी मागच्या सीटवर.

"मागं बसून काय करू?"

"आराम कर की."

आराम. ऋचाचे आजोबा गेल्यापासून त्या चावीच्या जिवावर मी मुदखेडला मैत्रिणीकडं जाते, कंधारच्या शेतावर जाते, भिशीला जाते, आणि घरी भांडण झालं तर गोदावरीच्या पुलावर जाऊन वारा खाऊन येते. कुणाला विचारावं लागत नाही. ड्रायव्हर आला की त्याला सांगावं लागणार, 'भाऊ, मला जरा रागात जायचंय.' मी मिलिंदला म्हटलं, "लाव परीक्षा."

नांदेड

निघायच्या आधी मी गाडीची यथासांग पूजा केली. पाडव्याला घातलेला झेंडूचा हार होताच, तो समोरच्या जाळीवर तसाच ठेवला. त्यावर काळ्या दोऱ्यात लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून अगदी मधोमध बांधला. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. चाकाखाली लिंबू. आमच्याकडं यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नाही. ट्रॅक्टरला करतात, शिलाई मशीनला करतात, माझ्या भाच्यानं लॅपटॉपला केलं होतं.

गाडी सुरू केली तर समोरच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला आणि लागूनच राहिला. मला वाटलं, दिवाळीच आहे, असेल.

इथं जरा माझ्या सुरुवातीच्या ड्रायव्हिंगबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी गाडी शिकले ती लातूरच्या भूकंपाच्या वर्षी, चाळिशी जवळ आली असताना. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी बाई नव्हती, त्यामुळं मी चालवते म्हणजे विमानच उडवते, अशी माझी समजूत. साडीला पिना, डोळ्याला गॉगल. मधला आरसा मी कुंकू दिसेल असा फिरवून ठेवायची. मागून कोण येतंय ते बघायची गरज काय, मागचा बघेल की. हॉर्न हाच माझा ब्रेक होता. आणि वळताना खिडकीतून हात असा बाहेर काढायची, की मागच्याला वाटावं, बाई आशीर्वाद देऊन राहिल्यात. ती बाई मला आज रस्त्यावर भेटली तर मी तिला ओव्हरटेकसुद्धा करणार नाही. लांबूनच वळसा घेईन.

लोहा ते अहमदपूर

गावाबाहेर पडून चौपदरीला लागलो. मी आपली उजव्या लेनमध्ये, शांतपणे. मागं एक ट्रक हॉर्न देऊन देऊन थकला.

"आजी, उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते," ऋचा म्हणाली.

"मग ओव्हरटेकच करून राहिले ना. हळूहळू."

"कोणाला?"

पुढं खरंच कुणी नव्हतं. मी डावीकडं घ्यायला गेले, तर स्टिअरिंग माझ्या हातात थरथरलं आणि कुणीतरी ते उलट्या बाजूला ओढलं. मी ओढलं, त्यानं ओढलं.

"कोण ओढतंय गं?"

"गाडी. तू इंडिकेटर दिला नाहीस. तिला वाटलं, तुला झोप लागली."

एकोणसत्तर वर्षांत माझ्यावर बरेच आरोप झाले, पण गाडीत झोपते असं कुणी म्हटलं नव्हतं. मी इंडिकेटर दिला. स्टिअरिंग लगेच गरीब गाईसारखं वळलं. मुद्दाम पुन्हा उजवीकडं गेले, इंडिकेटर न देता. पुन्हा ओढलं. इंडिकेटर देऊन गेले. ओढलं नाही.

"काय करून राहिलीस?"

"तपासून राहिले. शिस्तीची आहे. सांगून गेलं की अडवत नाही, न सांगता गेलं की कान धरते." मनात म्हटलं, ही तर आमच्या शाळेतच लागायला पाहिजे होती.

त्या रस्त्यावर इंडिकेटर देणारी बहुधा मी एकटीच होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दिवा एकाही ट्रॉलीला नाही. ड्रायव्हर हात बाहेर काढून 'या, या' करत होता. मी गेले नाही. दुसरी ट्रॉली कधी शेपूट हलवेल सांगता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातावर विसंबून आपण पुढं जायचं नसतं. ऋचानं माझ्याकडं पाहिलं. थोड्या वेळानं आमच्या बाजूनं उलटा एक मोटरसायकलवाला आला, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. मी कडेला घेऊन थांबले. जाताना त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच उलटी आलेय, पण त्यानं मोठ्या मनानं माफ केलंय.

अहमदपूरला चहाला थांबलो. भजी गरम होती, मिरची तिखट होती, आणि ऋचाची नजर पिवळ्या दिव्यावर गेली.

"हा कधीपासून लागलाय?"

"नांदेडपासून."

तिनं पडद्यावर बोट फिरवलं, काहीतरी वाचलं आणि खाली उतरून गाडीच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. कमरेवर हात. मला माझ्या मुख्याध्यापक बाईंची आठवण झाली.

"आजी, या जाळीच्या मागं रडार आहे. पुढं काय आहे ते त्यालाच दिसतं. त्यावर तू हार घातलास आणि वर लिंबू. नांदेडपासून इथपर्यंत तुझी गाडी आंधळी आलीये. ब्रेकचा सगळा इंतजाम बंद."

"लिंबानं काय होतंय एवढं?"

"पाणी असतं ना लिंबात. रडारला पाणी म्हणजे भिंत."

टपरीवाला ऐकत होता. "ताई, आमच्या ट्रकवाल्यांना रडार न्हाई म्हणून बरं. न्हाईतर लिंबू बांधायचं कुठं?"

ऋचानं हार काढला, लिंबू सोडलं. टाकायचं कुठं हा प्रश्न. कुणाच्या पायाखाली यायला नको, एवढं फिजिक्सवालीलाही माहीत. तिनं ते कागदात गुंडाळून डिकीत ठेवलं. पिवळा दिवा गेला. आणि माझे मार्कही गेले, हे तिच्या तोंडावरून कळलं.

लातूर

लातूरला पोचलो ते नेमके क्लास सुटायच्या वेळेला. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून खरं वाटणार नाही. आमच्या लहानपणी लातूर म्हणजे गंजगोलाईचा बाजार आणि तूरडाळ. भूकंपाच्या वर्षी लातूर म्हणजे फक्त बातमी. देशभरातून लोक नकाशात शोधत होते. आता लातूर म्हणजे पाठीला दप्तर लावलेल्या पोरापोरींचा पूर. गोंदियाची पोरं, सोलापूरची पोरं, आमच्या कंधारची पोरं. भिंतींवर गेल्या वर्षीच्या डॉक्टरांचे फोटो, खाली मेसच्या पाट्या, आणि रस्त्यात सायकल, स्कूटी, पाय, सगळं एकत्र. ऋचाला बघून पाच-सात जणांनी तरी "मॅडम" म्हणून मान वाकवली. माझी मान आपोआप ताठ झाली. या पोरीनं पाचवीत भागाकार येत नाही म्हणून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडून घेतलं होतं.

माझी गाडी मात्र वेडीपिशी झाली. डावीकडं टिंग, उजवीकडं टिंग, आरशात दिवा, मागून पीप. बहिणीच्या लग्नात मामी ओरडते तशी, प्रत्येक गोष्टीवर. मी वेग इतका कमी केला की शेजारून एक म्हातारा गृहस्थ चालत पुढं गेला.

आणि दुभाजकावरून एक मुलगी उतरली. डोळे हातातल्या कागदांवर. सरळ माझ्या गाडीपुढं.

गाडी किंचाळली. गाडी थांबली. मुलीत आणि बोनेटमध्ये एवढीच जागा, की तिचे कागद कुंकवाच्या स्वस्तिकाला लागले.

ती दचकलीही नाही. वर पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी काकू." मग शेजारी नजर गेली. "मॅडम? तुम्ही आलात? कपॅसिटर शनिवारी घेणार ना?"

"घेईन. रस्ता बघून चाल," ऋचा म्हणाली. तिचा आवाज ठीक होता, पण हात डॅशबोर्डवर घट्ट दाबलेले होते.

ऋचाच्या खोलीखाली गाडी लावली. मग जिन्यातच जुंपली.

"ब्रेक मी मारला," मी म्हणाले.

"गाडीनं मारला, आजी."

"माझा पाय पेडलवर होता."

"पाय असतो गं. प्रश्न हा आहे की दाबला आधी कुणी."

"माझा पाय, मला माहीत नाही?"

"त्या वेळी कुणालाच काही माहीत नसतं," ती म्हणाली. आणि कुलूप उघडता उघडता, माझ्याकडं न बघता, "शनिवारी परत जाताना मी ड्रायव्हर सांगते. ओळखीचा आहे, चांगला आहे."

माझा निकाल लागला होता. रात्री तिनं पिठलं केलं, शेंगदाण्याची चटणी होती, भाकरी छान फुगली होती, आणि मी अर्धीच खाल्ली. माझी सगळी मस्ती तिनं चांगल्या ड्रायव्हरच्या एका वाक्यात डिकीत ठेवली, लिंबाशेजारी.

औशाच्या पुढं

शुक्रवार मोकळा होता. मी म्हटलं, "उद्या ड्रायव्हर. आज मला कोंडाबाईकडं ने. म्हणजे मीच नेते, तू बस."

कोंडाबाई कोण, ते ऋचाला लहानपणापासून माहीत होतं, पण माझ्या बाजूनं. माझ्या बाजूची कहाणी अशी: भूकंप झाला, आमच्या शाळेनं घोंगड्या आणि भाकऱ्या जमवल्या, जीपचा ड्रायव्हर तापानं पडला, आणि मी एकटीनं जीप चालवत कोंडाबाईच्या गावी पोचले. इथवर खरं आहे. पुढचं मी सांगत नसे.

नवं गाव जुन्या गावापासून लांब वसवलंय. सरळ रस्ते, ओळीनं घरं, घरासमोर मोकळी जागा एवढी की आमच्या नांदेडची अख्खी गल्ली मावेल. कोंडाबाई दारातच बसली होती. आता ऐंशीची असेल. ओळखायला वेळ लागला नाही.

"आलीस का बाई. लई वरसानं." मग गाडीकडं बघून, "उलटी येती का आता?"

ऋचानं विचारलं, "काय उलटी?"

"हिनं सांगितलं न्हाई?" कोंडाबाईनं पदर सावरला, म्हणजे कहाणी लांब आहे. "तुझी आजी जीप घिऊन आली. बरूबर मधल्या रस्त्यात उभी केली आन उतरून घोंगड्या वाटाया लागली. काळा चष्मा. मागनं पाण्याचं टँकर आलं, ते अडकलं. आमाला घोंगडी नगं, पाणी पायजे हुतं. म्या म्हणलं, बाई, तुमची जीप काढता का? तर हिला मागं घेता येईना. ड्रायविंगवाल्यानं पुढंच जायाला शिकवलं हुतं म्हणं. मग आमच्या माणसांनी, घरं पडलेल्या माणसांनी, हिला आत बसवून जीप ढकलली बांधावर. हसू आलं बग त्या दिसात. चार दिसानं पयलं हसू."

ऋचा हसत होती की रडत होती, कळेना. मी म्हटलं, "मी मदतीला आले होते."

"हाव तर. लई मदत झाली," कोंडाबाई म्हणाली.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत सोयाबीन पसरलं होतं. मळणीच्या मशीनवर न्यायला कमी पडत होतं, बांधावरचं. असलं थोडंथोडकं लोक डांबरी रस्त्यावर टाकतात. जाणाऱ्यायेणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात आणि फुकट मळणी होते. त्यापायी मोटरसायकली घसरतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. कोंडाबाई म्हणाली, "म्या रस्त्यावर टाकीत न्हाई. टँकरवालं गाव हाय आमचं, रस्ता अडवाया जीव हुत न्हाई. पर गाडी आलीच हाय दारात, तर मार की दोन चकरा. पुढं आन मागं."

पुढं आणि मागं. तीस वर्षांपूर्वीचा राहिलेला पेपर बाईनं काढून ठेवला होता.

ऋचा म्हणाली, "आजी, काड गरम सायलेन्सरला अडकली तर पेटेल. थोडा वेळच. आणि गाडीचे हे टिंगटिंग आवाज मी बंद करते." ती शेजारी बसली, पण तिला बंद करायचं बटण सापडेना. मी तशीच बसले, इंडिकेटर दिला, आणि सोयाबीनवर गाडी घातली. चाकांखाली शेंगा तडतडल्या. मग रिव्हर्स. पडद्यावर मागचं सगळं दिसत होतं, पिवळ्या-हिरव्या रेघा. पण मी मान वळवूनच मागं पाहिलं, कारण पडद्यात कोंडाबाई दिसत नव्हती आणि तिला बघायचं होतं. सरळ रेषेत मागं. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. शेजारपाजारच्या बाया जमल्या. एक म्हणाली, "म्हातारीला लई चांगली येती उलटी." आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली, पण हे फ्रेम करून लावावं असं.

तेवढ्यात दाण्यांच्या वासानं कोंडाबाईची शेळी धावत पुढं आली. मी बायांकडं बघत होते. धडाड. पट्टा छातीत रुतला, गाडी जागच्या जागी ठोकल्यासारखी थांबली, पडद्यावर लाल अक्षरं. माझा पाय तर ब्रेकवर पोचलाही नव्हता. शेळीनं एकदा गाडीकडं पाहिलं आणि खायला लागली.

"गाडी शेळीला भिती का गं?" कोंडाबाईनं विचारलं.

 ऋचा लाल अक्षरांकडं बघत होती. मग स्वतःच्या पट्ट्याला हात लावून बघितलं. मग उतरून, वाकून गाडीखालच्या सगळ्या काड्या काढल्या, बराच वेळ.  मी मनात म्हटलं, झालं, शेळीच्या पेपरातही नापास. कोंडाबाईनं निघताना सोयाबीन पिशवीत घालून दिलं. म्हणाली, "तुझ्याच चाकाचं हाय."

लातूर, शनिवार

सकाळी ऋचानं नाश्त्याला सुशीला केला, चुरमुऱ्यांचा, भरपूर शेंगदाणे घालून, लिंबू पिळून. मी पिशवी भरून ड्रायव्हरची वाट बघत बसले. मागच्या सीटवर काय काय वाचायचं ते ठरवत होते. ऋचाला क्लासला उशीर होत होता, तरी ती फोनवर होती, गॅलरीत. आवाज आत येत होता.

"नाही बाबा, ऐका ना. काल गाडीनं स्वतः ब्रेक मारला, शेळीसाठी. तेव्हा कसं होतं ते मी पाहिलं. पट्टा ताठ, हिसका, लाल अक्षरं. परवा त्या मुलीच्या वेळी यातलं काही झालं नव्हतं. परवा गाडी फक्त ओरडली होती. ब्रेक आजीचा होता."

पलीकडून मिलिंद काहीतरी म्हणाला.

"हो, शेळी तिला दिसली नाही. खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यासाठी तर तुम्ही ही गाडी घेतलीत ना? तिचं काही सुटलं तर गाडी धरते. गाडीचं सुटतं, रस्त्यावर हात हलवून बोलावणारा ट्रॅक्टरवाला वगैरे, ते आजी धरते. मी परीक्षक होते ना? मग निकाल मी देणार."

मी पटकन सुशीला तोंडात कोंबला, ऐकत नव्हते असं दिसावं म्हणून.

ती आत आली. "चल, खाली."

"ड्रायव्हर आला?"

"नाही सांगितला."

खाली गाडी धुऊन पुसून उभी होती. जाळी स्वच्छ. कुंकवाचं स्वस्तिक तसंच. आणि नंबरप्लेटच्या खाली, एका बाजूला, काळ्या दोऱ्यात ताजं लिंबू, मिरच्या, बिब्बा. शनिवारचं, नवं. जुनं वाळलेलं तिनं पहाटेच झाडाखाली नेऊन ठेवलं होतं.

"इथं बांधलं तर काही झाकत नाही," ऋचा म्हणाली. "गाडी चालू करून, पुढं-मागं उभं राहून तपासलंय. पिवळा दिवा लागत नाही."

फिजिक्स शिकवणारी माझी नात शनिवारी पहाटे बाजारातून बिब्बा शोधून आणून गाडीला बांधते, तेही रडार चुकवून. यापुढं कुणी मला विचारलं की ती काय शिकलीये, तर मी हे सांगणार आहे.

तिनं चावी माझ्या हातात दिली. "पोचल्यावर फोन कर. चालवताना उचलायचा नाही."

"हो मॅडम."

उदगीरमार्गे

मी सरळ रस्त्यानं परतले नाही. चावी हातात असली की लांबच्या रस्त्यानं जावं. उदगीरला धाकटी बहीण कुसुम राहते, तिच्याकडं जेवायला थांबले. तिच्या शेजारणी निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलतात. त्यातल्या एकीनं गाडीभोवती फेरी मारून बरंच काही विचारलं. कुसुम म्हणाली, "ती विचारतेय, ड्रायव्हर कुठाय?" मी स्वतःकडं बोट दाखवलं. तिनं पुन्हा एक फेरी मारली, या वेळी माझ्याभोवती.

उदगीर ते कंधार रस्ता दोन पदरी, आणि दर मैलाला अर्ध्या रस्त्यावर कुणाचं तरी सोयाबीन, कडेनं दगड लावून. प्रत्येक वेळी मी आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. स्टिअरिंगनं एकदाही कान धरला नाही. दगड लावणाऱ्यांवर चिडावं असं मनात येत होतं, पण दाणे गोळा करणाऱ्या बायांच्या हातात झाडू होता आणि मला टँकर आठवत होता. मी नुसतं थांबून थांबून पुढं गेले. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला, तर खिडकीतून हात काढून त्याला थांब म्हटलं. तो आशीर्वाद वाटला असेल तर वाटू दे.

दिवस असतानाच नांदेडला पोचले, ऋचाला फोन केला आणि चावी देवघराजवळच्या खिळ्याला लावली, तिच्या जागी.

संक्रांतीला मिलिंद आला. तिळगूळ झाला, जेवण झालं, आणि तो म्हणाला, "आई, चल, तुझ्या गाडीतून पुलापर्यंत जाऊन येऊ. मी चालवतो." मी शेजारी बसले. पट्टा लावला. कोपऱ्यावरच्या स्कूटीला मागं टाकायला त्यानं रेघ ओलांडली, पुण्याच्या सवयीनं, काही न सांगता. स्टिअरिंग थरथरलं आणि उलट ओढलं गेलं.

"आई, कोण ओढतंय हे?" तो घाबरून म्हणाला.

मी शांतपणे म्हटलं, "गाडीला वाटलं, तुला झोप लागली. कडेला घे बाळा. आणि चावी दे इकडं."